वात

मंगळवारी पहाटे कूस बदलली
आणि उशीच ओरडली असं वाटलं.
आरशात पाहिलं: डावा कान
पुरीसारखा टम्म, लालबुंद,
पाळी इतकी ताठ की कुडीची फिरकी फिरेना.
जांभई दिली तर कळ थेट दाढेत.

डंडीत डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत
आत्याचे सगळे उपाय आठवून झाले.
ओव्याची पुरचुंडी, लसणीचं तेल,
तव्यावर भाजलेलं मीठ मोज्यात बांधून.
(मोजा शोधला. मीठही काढलं. मग भीती वाटली.)
औषधांच्या दुकानातला मुलगा, फर्गस,
तेल म्हणताच असा दचकला
जणू मी कानात फोडणी घालणार होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
एक बारीक कापडी वात
चिमट्यानं सुजेच्या फटीतून आत सरकवली,
वर औषधाचे थेंब सोडले.
दिवसातून तीनदा, आडवं पडून, पाच मिनिटं.
आत्यानं जन्मभर वाती वळल्या,
पण कानात वात घातलेली घरात मीच पहिली.
उजेड काही पडला नाही.
उलट त्या बाजूचं शहर विझलं:
बस, सीगल, जिन्यातली पावलं,
सगळं गोधडीखालून.
ऐकू यायचं ते फक्त माझंच,
घोट गिळल्याचं, टोस्ट चावल्याचं,
आणि रात्री रक्ताचं ठक ठक,
कुणी आतून दार वाजवावं तसं.

आणि माझं काम काय, तर कानाचं.
अकरा वर्षं फोनवर दुभाषी.
इकडून इंग्रजी, तिकडून मराठी,
या कानानं ऐकायचं, तोंडानं सोडून द्यायचं.
लूटनचे कुणी काका, कार्डिफची कुणी बाळंतीण,
चेहरा एकाचाही पाहिलेला नाही.
आठवड्याची रजा मागितली तर
वरिष्ठ म्हणाली, उजवा आहे ना?
आहे. पण उजव्या कानात
माणसं परकी वाटतात.
सांगलीहून भाऊ बोलला,
मला वाटलं राँग नंबर.

खालच्या मजल्यावर मिसेस गेडिस, वय अठ्ठ्याऐंशी.
तागाच्या गिरणीत तीस वर्षं माग चालवला,
दोन्ही कान तिथंच ठेवून आल्या.
ताग तुमच्याकडचाच होता, म्हणाल्या,
तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तशा.
तो बंगालचा, मी म्हटलं, मी सांगलीची.
ते त्यांना कळलंच नाही,
कारण मी खिडकीकडे बघून बोलले होते.
त्यांनी हनुवटी धरून मला समोर वळवलं.
असं बोल. तोंड दाखवून.
मागांच्या खडखडाटात आम्ही बायका
अशाच गप्पा छाटायचो,
मुकादमाची टवाळी त्याच्या तोंडावर,
आवाजाशिवाय.
मग ओठांनी एक वाक्य केलं.
मला कळलं नाही. पुन्हा केलं.
तिसऱ्यांदा कळलं:
चहा टाक.

शनिवारी वात आपणहून गळाली,
पिवळी, ओली, उशीवर.
सूज उतरली. फ्रिज परत घुमू लागला.
कुडी घातली, फिरकी हळूच.

सोमवारी पहिलाच फोन स्लाऊच्या हॉस्पिटलमधून, एक आजोबा.
डॉक्टरनं विचारलं, दुखतंय का कुठे?
मी विचारलं, दुखतंय का कुठे?
पलीकडे थोडा वेळ गेला.
"नाही, तसं काही नाही."

तेवढंच सांगितलं मी.
जे कानावर येईल तेच पोचवायचं,
पदरचं काही घालायचं नसतं.
पण अकरा वर्षांत पहिल्यांदा
फोन कानापासून लांब धरला
आणि त्यांच्याकडे बघितलं,
काळ्या काचेत,
तोंड असेल तिथे.